त्यांचा हिवाळा, आमचा सीझन

(द्वितीय वर्ष कला)

दसरा झाला की आमचा दादा माळ्यावरची बॅग खाली काढतो. आई तिच्यात कुळथाच्या पिठाची पुडी आणि आमसुले भरते, बाबा उगाच अंगणात येरझाऱ्या घालतात, आणि दादा बांद्याहून गोव्याची एस. टी. पकडतो. त्यानंतर तो घरी येतो तो थेट पावसाच्या तोंडाला. मध्ये शिमग्याला दोन दिवस आला तर आला. उत्तर गोव्यातल्या एका किनाऱ्यावरील शॅकमध्ये तो काम करतो. शॅक म्हणजे बांबू, फळ्या आणि झावळ्या यांची उभारलेली तात्पुरती खानावळ. ती सरकारी परवान्याने हंगामापुरती उभी राहते आणि पावसापूर्वी मोडून किनारा मोकळा करून द्यावा लागतो.

या सात-आठ महिन्यांना दादा 'सीझन' म्हणतो. शाळेत असताना मला याचे नवल वाटे. काजूचा सीझन असतो, आंब्याचा असतो, पण माणसांचा सीझन कसा असेल? एकदा मी त्याला तसे विचारलेही. तो भाकरी मोडता मोडता म्हणाला, "तेंका थंडी लागता म्हणान आपल्या चुलीर भात शिजता, बाय. इतक्याच ध्यानात ठेव."

ते ध्यानात राहिले. दादाने दहावीनंतर शिक्षण सोडले. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी मीच पहिली, आणि माझी फी व बसचा पास त्याच्या सीझनमधून निघतो. भूगोल हा विषय घेतल्यावर मनात आले की, ज्यांच्या सुट्टीवर आपले शिक्षण चालले आहे ती माणसे हजारो मैलांवरून का येतात, कशी येतात आणि येऊन करतात काय, हे एकदा नीट समजून घ्यावे. दादाकडून ऐकलेले, ग्रंथालयात वाचलेले आणि एका दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस स्वतः पाहिलेले, असे हे सारे आहे.

माझा पहिला गैरसमज थंडीबद्दलचा होता. युरोपातील लोक थंडीला भिऊन पळतात असे मला वाटे. थंडीचा बंदोबस्त त्यांच्याकडे चांगला असतो. जाड भिंती, दुहेरी काचेच्या खिडक्या, ऊब देणारी यंत्रे, सारे असते. त्यांना सोसत नाही तो अंधार. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे हे आपण सातवी-आठवीत पाठ केलेले असते, पण त्या कलण्याची किंमत कोणाला मोजावी लागते हे तेव्हा कळत नाही. २१-२२ डिसेंबरच्या सुमारास लंडनमध्ये दिवस जेमतेम आठ तासांचा असतो. मॉस्कोत तो सात तासांवर येतो, हेलसिंकीत सहा तासांच्याही आत. नॉर्वेतील ट्रॉम्सो या गावी तर नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही. मुले अंधारात शाळेत जातात आणि अंधारात परततात. त्याच दिवशी पणजीत मात्र सव्वाअकरा तासांचा दिवस असतो. आपल्याला वर्षभरात दिवस लहान-मोठा झाल्याचे फारसे जाणवत नाही, ते यामुळेच.

बरे, तो आठ तासांचा दिवस तरी धड उजेडाचा असावा, तर तेही नाही. डिसेंबरातल्या भर दुपारी लंडनमध्ये सूर्य क्षितिजापासून अवघा पंधरा अंश वर येतो. आपल्याकडे सूर्य मावळायला तास-सव्वा तास उरला की असतो, तेवढाच. पणजीत त्या वेळी तो एकावन्न अंशांवर असतो. किरण तिरपे पडले की तेच ऊन जास्त जागेवर पसरते आणि पातळ होते. त्यातून ढग. अख्ख्या डिसेंबरात लंडनला साठ तासांहून कमी ऊन मिळते. गोव्यात तेवढे एका आठवड्यात मिळून जाते!

या अंधाराने माणसाचे मन खचते, झोप वाढते, कामात लक्ष लागत नाही, हे तिकडे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. १९८४ मध्ये अमेरिकेत नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिवाळ्यात येणाऱ्या या उदासीनतेचे शास्त्रीय वर्णन केले आणि प्रखर दिव्यासमोर बसवून तिच्यावर उपचार करून पाहिले. दादाच्या शॅकवर दरवर्षी येणाऱ्या एका म्हाताऱ्या जोडप्याने त्याला हेच सोप्या शब्दांत सांगितले होते. बाई म्हणाल्या, "आम्ही घरी औषध घेतो, इथे ऊन घेतो." दादाला ते इतके आवडले की आता तो प्रत्येकाला ऐकवतो.

मग उन्हासाठी उष्ण कटिबंधात कुठेही गेले की झाले, असे नाही. इथे भूगोल खरा रंगात येतो. डिसेंबरात कोरडी हवा पाहिजे, समुद्र शांत पाहिजे आणि ऊन पाहिजे. ही तिन्ही एकत्र मिळणाऱ्या जागा मोजक्याच. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात तेव्हा पावसाळा आणि चक्रीवादळांचे दिवस असतात. कॅरिबियन बेटांवर वादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा धरतात, म्हणून तिकडची गर्दी डिसेंबरपासून. थायलंडची गंमत तर आणखीच. फुकेत आणि को सामुई ही तेथील दोन्ही बेटे प्रवाशांच्या आवडीची. पण फुकेत पश्चिमेच्या समुद्रात आहे आणि को सामुई पूर्वेच्या आखातात. मध्ये द्वीपकल्पाचा डोंगराळ कणा. नोव्हेंबरात फुकेतचा पाऊस ओसरत असतो, तेव्हा को सामुईला वर्षातला सर्वांत मोठा पाऊस चालू असतो. नकाशावर ही बेटे बोटभर अंतरावर. ज्याने नुसते 'उष्ण देश' एवढेच पाहून तिकीट काढले, तो खोलीत बसून पाऊस मोजणार.

आपल्याकडेही तसेच आहे. हिवाळ्यात आशियाची जमीन निवते, तिच्यावर हवेचा दाब वाढतो आणि वारे जमिनीकडून समुद्राकडे, ईशान्येकडून वाहू लागतात. हेच वारे बंगालच्या उपसागरावरून जाताना बाष्प उचलतात आणि ऑक्टोबर ते डिसेंबर तामिळनाडूला भिजवतात. आपल्या बाजूला पोचणारे वारे कोरडे असतात आणि सह्याद्री उतरून येताना आणखी कोरडे होतात. गोव्यात वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. डिसेंबर-जानेवारीत दुपारी तपमान बत्तीसच्या आसपास, पहाटे वीसच्या आसपास. त्यावर दिवसा खारे वारे आणि रात्री-पहाटे मतलई वारे. शाळेत ज्यावर टिपा लिहून दोन-दोन गुण मिळवले तेच हे वारे. किनाऱ्यावर बसल्यावर कळले की टिपेत त्यांचे सुख लिहायचे राहून गेले होते.

हवेसाठी गाव सोडण्याची ही चाल जुनी आहे. १७५१ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन आपल्या थोरल्या सावत्र भावाबरोबर बार्बाडोस बेटावर गेला होता. भावाला क्षय झाला होता, हवापालटाने बरे वाटेल अशी आशा होती. वॉशिंग्टन तेव्हा एकोणीस वर्षांचा होता (माझ्याच वयाचा, म्हणून ही हकीगत मी विसरत नाही). भावाला काही गुण आला नाही, तो पुढच्या वर्षी वारला. जॉर्जला मात्र तिथे देवी आल्या आणि तो त्यातून वाचला. पुढे अमेरिकेचा पहिला अध्यक्ष झालेल्या या माणसाचा तेवढाच एक परदेशप्रवास. युरोपातील धनिक इंग्रज त्या काळी भूमध्य समुद्राकाठी नीस शहरी हिवाळा काढीत. तिथला समुद्रकाठचा प्रसिद्ध रस्ता आजही 'इंग्रजांचा फिरण्याचा रस्ता' अशा अर्थाच्या नावाने ओळखला जातो. १८२० च्या दशकात तिथे राहणाऱ्या इंग्रजांनी पैसा उभा करून गरजू लोकांच्या हातून तो बांधून घेतला. पाहुण्यांना फिरायला वाट आणि गावाला रोजगार, हा सौदा तेव्हापासूनचा आहे.

आपल्याकडे आलेल्या इंग्रजांनी मात्र उलटे केले. मुंबईच्या उकाड्याने हैराण होऊन त्यांनी १८२८ च्या सुमारास महाबळेश्वरला वसाहत केली आणि १८५० मध्ये माथेरान शोधून काढले. ते ऊन चुकवायला डोंगर चढले आणि त्यांचे पणतू ऊन शोधत किनाऱ्यावर उतरले!

गोव्यात आधी आले ते हिप्पी. साठ-सत्तरच्या दशकात तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान असा खुष्कीचा प्रवास करीत ही तरुण मंडळी हणजूण आणि कळंगुट भागात येऊन राहू लागली. परतीच्या पैशांसाठी त्यांनी आपल्याजवळच्या वस्तू विकायला मांडल्या, त्यातून हणजूणचा बुधवारचा बाजार वाढला. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, अफगाणिस्तानात रशियन फौजा शिरल्या आणि तो रस्ता बंद पडला. पुढे ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात युरोपातून थेट दाबोळीला चार्टर विमाने येऊ लागली, आणि मग बेफिकीर भटक्यांच्या जागी पंधरा दिवसांची रजा टाकून आलेले कारकून, शिक्षक, परिचारिका, निवृत्त कामगार दिसू लागले.

चार्टर म्हणजे काय, हे मला दादाच्या मालकाने समजावले ते एस. टी.च्या भाषेत. नेहमीची गाडी माणसे असोत-नसोत वेळेवर सुटते. लग्नाच्या वऱ्हाडासाठी आपण प्रासंगिक करारावर अख्खी गाडी घेतो, तसे चार्टर. प्रवासी कंपनी हंगामभर विमान भाड्याने घेते आणि बसण्याची जागा, हॉटेल, विमानतळावरून नेणे-आणणे असे सारे एकत्र बांधून विकते. भाडे ठरलेले असल्याने रिकामी खुर्ची म्हणजे कंपनीचा निव्वळ तोटा. म्हणून खुर्च्या भरतील अशी किंमत ठेवायची. जे विमान नव्या लोकांना आणते तेच पंधरा दिवस संपलेल्यांना परत नेते. त्यामुळे हंगामातले पहिले विमान जाताना जवळजवळ मोकळे आणि शेवटचे येताना मोकळे. या दोन मोकळ्या खेपांचा खर्च मधल्या सगळ्या खेपांवर वाटलेला असतो. लंडनच्या बस-ड्रायव्हरलाही गोवा परवडला तो या हिशेबाने. आणि त्या हिशेबाने किनाऱ्यालाही एक ठरावीक ठोका आला. दादा विमानाच्या वारावरून मासळी किती घ्यायची ते ठरवी.

आता साहसाबद्दल. मला वाटायचे, ही माणसे येऊन नुसती पडून राहत असतील. म्हातारी माणसे राहतातही. पण तरुणांना उन्हाबरोबर काहीतरी धाडस हवे असते. हरमल-केरीच्या टेकडीवरून ते छत्री बांधून हवेत झोकून देतात. तेथे समुद्राकडून येणारा वारा टेकडीला आपटून वर चढतो आणि तोच माणसाला तोलून धरतो. कोणी बोटीमागे दोर लावून आकाशात तरंगतात. कोणी खाडीतून हलक्या होड्या वल्हवतात. आणि कोणी समुद्राच्या तळाशी जातात. या शेवटच्या प्रकाराविषयी मी जरा जास्त लिहीन, कारण तो मी केला आहे.

म्हणजे गोव्यात नव्हे, आपल्या मालवणला. दादाचा एक मित्र तारकर्लीच्या बाजूला पर्यटकांना पाण्याखाली नेतो. मच्छीमाराचा मुलगा, त्यामुळे समुद्र घरचाच. गेल्या वर्षी मे महिन्यात, सीझन संपवून आलेला दादा मला त्याच्याकडे घेऊन गेला. आईला सांगितले नव्हते. (हा अंक तिच्या हाती पडला तरी तिला वाचता येत नाही, पण कोणीतरी वाचून दाखवेलच.)

पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी, डोळ्यांवर काच. नाक बंद, श्वास तोंडाने. दहा मीटर खोल गेले की पाण्याचा दाब आणि वरच्या हवेचा दाब मिळून जमिनीवरच्या दुप्पट दाब होतो. आम्ही पाच-सहा मीटरच गेलो असू, पण तेवढ्यानेही कानात कोणी बोट खुपसावे तसे झाले. नाक दाबून हलकेच फुंकर मारली की कान मोकळे होतात. हे वर शिकवले होते, खाली विसरले, त्याने हाताने खूण केली तेव्हा आठवले. सर्वांत महत्त्वाचा नियम म्हणजे श्वास कधीही रोखून धरायचा नाही. खोल जागी घेतलेली हवा वर येताना प्रसरण पावते. ती छातीत कोंडली तर फुप्फुस फाटू शकते. पोहताना श्वास रोखायची सवय असलेल्या आम्हा कोकणातल्या मुलींना हे फार जड जाते. तळाशी खडकाभोवती पिवळे-काळे मासे होते आणि ते माझ्याकडे मुळीच लक्ष देत नव्हते. एरवी मासा म्हटला की मला पाटीतला आठवतो. जिवंत मासा इतका निवांत असतो हे मला ठाऊक नव्हते.

हे साहस उष्ण समुद्रातच का, याचेही कारण आहे. पाणी हवेपेक्षा पंचवीसपट अधिक वेगाने अंगातली ऊब ओढून घेते. जानेवारीत इंग्लंडच्या किनाऱ्याला पाणी आठ-नऊ अंशांवर असते. जाड पोशाखाशिवाय उतरलेला माणूस थोड्या वेळातच गारठतो. आपल्याकडे ते सत्तावीस-अठ्ठावीस असते. घरी जी भीती आधी थंडीची असते, ती इथे नुसती खोलीची उरते, आणि तेवढी भीती माणसाला आवडते.

पण ऊबदार समुद्र म्हणजे सुरक्षित समुद्र नव्हे. पाहुणे पहिल्याच दिवशी दुपारभर उघडे पडतात. पंधरा अंशांच्या सूर्याची सवय झालेली कातडी एकावन्न अंशांच्या सूर्याखाली संध्याकाळपर्यंत उकडलेल्या खेकड्यासारखी लाल होते. दादाजवळ कायम ताक तयार असते. दुसरे, ओढ. लाटांनी किनाऱ्यावर आणलेले पाणी एखाद्या अरुंद वाटेने जोरात परत फिरते आणि माणसाला आत नेते. तिच्याशी झुंजून सरळ किनाऱ्याकडे पोहू गेले तर दम संपतो. किनाऱ्याला समांतर पोहून तिच्यातून बाहेर पडायचे आणि मग वळायचे. लाल बावटा दिसला की पाण्यात जायचेच नाही, मग ते इंग्लंडचे पाहुणे असोत की आपल्या कॉलेजची सहल.

आणि तिसरी गोष्ट, जी मला सर्वांत नवलाची वाटली. पाण्याखाली गेलेल्याने लगेच विमानात बसू नये. दाबाखाली श्वास घेताना रक्तात जास्तीचा नायट्रोजन विरघळतो. तो सावकाश बाहेर पडायला हवा. विमानाच्या आत हवेचा दाब सुमारे अठराशे ते चोवीसशे मीटर उंचीवरचा, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखराहूनही (१,६४६ मीटर) उंच जागेसारखा असतो. दाब एकदम कमी झाला की गोटी सोड्याची बाटली फोडल्यावर येतात तसे बुडबुडे रक्तात येऊ शकतात. म्हणून शेवटच्या दिवशी बुडी नको. अठरा तास तरी मध्ये जाऊ द्यावेत. पंधरा दिवसांची रजा पैन्‌पै वसूल करू पाहणाऱ्याला हे पटवणे कठीण, असे दादाचा मित्र म्हणतो.

इतका सगळा खेळ दूरदूरच्या गोष्टींवर उभा आहे हे आम्हाला कळले ते तो मोडला तेव्हा. सप्टेंबर २०१९ मध्ये इंग्लंडमधील एक फार जुनी प्रवासी कंपनी बुडाली आणि तिची विमाने येणार नाहीत हे किनाऱ्यावर अगदी हंगामाच्या तोंडावर समजले. दादाच्या मालकाने दोन पोरे कमी केली. दादा राहिला. मग मार्च २०२०. मी नववीत होते. दादा पंधरा दिवसांचा पगार मागे टाकून, एका टेम्पोत मागे बसून घरी आला. त्या वर्षी आणि त्याच्या पुढच्या वर्षी चार्टर जवळजवळ नव्हतीच. दादाने काजूच्या बागेत बाबांबरोबर काम केले, काही दिवस खडी फोडली. मी दहावीत होते आणि आमच्यात एकच फोन होता. तो दिवसभर माझ्याकडे राही. पुढे २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध सुरू झाले आणि रशियातून येणाऱ्यांची गणिते बिघडली. रशिया-युक्रेन कुठे, आणि आमचे माजघर कुठे! पण बाबांनी त्या वर्षी पहिल्यांदा बातम्या पूर्ण ऐकल्या.

आज गोव्यात येणाऱ्यांमध्ये आपले देशी पर्यटकच कितीतरी अधिक आहेत. त्यांचा सीझन निराळा. ते दिवाळीला, नाताळला, जोडून आलेल्या सुट्ट्यांना येतात, दोन रात्री राहतात. दादा म्हणतो, त्यांना ऊन नको असते, सावलीतली जागा आधी भरते. म्हणजे खाट तीच, फक्त छत्री तिरकी करायची. जानेवारी २०२३ पासून पेडणे तालुक्यात मोपाचा नवा विमानतळ चालू झाला. तो आमच्या गावापासून इतका जवळ की रात्री अभ्यास करताना विमानाचा आवाज येतो. पूर्वी दाबोळीहून आलेल्या माणसांना दादा भेटे, आता विमानेच आमच्या डोक्यावरून जातात. आजी अजून प्रत्येक विमानाला हात जोडते.

या वर्षी दादा निघाला तेव्हा मी त्याला विचारले, की मी भूगोल घेऊन पुढे काय करू? तो म्हणाला, "ता तू बघ. पण तिकडचो पाऊस-वारो माका फोनार सांगत ऱ्हव." तेव्हापासून दर रविवारी मी लंडन आणि मॉस्कोचे तपमान पाहून त्याला कळवते. परवा सांगितले की मॉस्कोत बर्फ पडला. "किती?" त्याने विचारले. मी म्हटले, चार बोटे. मागे कोणीतरी त्याला हाक मारीत होते, भांड्यांचा आवाज येत होता. "मगे सुरमई वाढवूक सांगतंय," असे म्हणून त्याने फोन ठेवला.